नाइटिंगेलबाईंची नोंदवही

दरवर्षी १२ मे रोजी जगभर परिचारिका दिन साजरा होतो. रुग्णालयांत छोटे कार्यक्रम होतात, भिंतीवर हातात दिवा घेतलेल्या बाईंचे चित्र लागते. रात्रीच्या अंधारात जखमी सैनिकांच्या रांगांमधून फिरणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक आहेत. पण त्या नव्वद वर्षे जगल्या आणि दिव्याचे दिवस त्यातले जेमतेम पावणेदोन वर्षांचे. पुढच्या अर्ध्या शतकात त्यांनी एक प्रश्न लावून धरला. आजारी, अपंग, म्हातारी माणसे ज्या जागी सांभाळायला ठेवतो, ती जागाच त्यांना आजारी करत असेल तर?

आज हा प्रश्न आपल्या घरापर्यंत आला आहे. कुणाचे वडील वृद्धाश्रमात आहेत, कुणाची मावशी पक्षाघातानंतर शुश्रूषा केंद्रात महिनोन्‌महिने पडून आहे. तिथे होणारे संसर्ग आणि ते कसे टाळायचे हे समजून घ्यायचे, तर या बाईंच्या आयुष्याकडे दिवा बाजूला ठेवून पाहायला हवे.

फ्लॉरेन्स यांचा जन्म १२ मे १८२० चा. आईवडील लांबच्या प्रवासावर असताना इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ही मुलगी जन्मली आणि शहराचेच नाव तिला मिळाले. घर इंग्लंडमधले, पैसेवाले. वडिलांनी दोन्ही मुलींना स्वतः शिकवले. ग्रीक आणि लॅटिन शिकवले, इतिहास शिकवला. धाकटीला मात्र गणिताची आणि आकड्यांची विशेष ओढ. सतराव्या वर्षी, देवाने आपल्याला सेवेसाठी हाक दिली आहे, असे तिच्या मनाने घेतले. तरुणपणी तिने रुग्णालयात शुश्रूषा शिकण्याची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा घरात मोठा कल्लोळ झाला. त्या काळी रुग्णालयातली परिचारिका म्हणजे अशिक्षित, दारूच्या नादी लागलेली बाई, असा सार्वत्रिक समज. खानदानी घरातल्या मुलीने असल्या कामाला हात लावायचा?

फ्लॉरेन्स वर्षानुवर्षे थांबल्या, पण हटल्या नाहीत. पहाटे उठून रुग्णालयांचे अहवाल वाचायचे, टिपणे काढायची, हा परिपाठ त्यांनी चालू ठेवला. १८५१ मध्ये जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठच्या कैसर्सवर्थ या संस्थेत त्यांना सुमारे तीन महिने शिकायला मिळाले. १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या, आजारी स्त्रियांसाठीच्या एका छोट्या संस्थेचा कारभार त्यांच्याकडे आला. पुढच्याच वर्षी क्रिमियाचे युद्ध भडकले. जखमी इंग्रज सैनिकांच्या हालांच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येऊ लागल्या आणि युद्धमंत्री सिडनी हर्बर्ट यांनी त्यांना पाचारण केले. ३८ परिचारिकांना घेऊन त्या ४ नोव्हेंबर १८५४ रोजी इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी येथे पोहोचल्या.

स्कुटारीचे रुग्णालय म्हणजे तुर्की सैन्याची एक प्रचंड बराक. वॉर्ड भरले म्हणून सैनिकांना व्हरांड्यात ओळीने झोपवलेले. अंगावर रक्ताळलेले, उवांनी भरलेले कपडे. बाईंनी स्वयंपाकघर लावले, कपडे उकळून धुण्याची सोय केली, शर्ट, चादरी, ब्रश, साबण मिळवले. रुग्णांना वेळेवर गरम खाणे मिळू लागले. तरीही त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ च्या वर पोहोचले. जखमांपेक्षा कितीतरी जास्त सैनिक हगवण, कॉलरा, टायफस आणि विषमज्वराने दगावत होते. म्हणजे युद्धाच्या गोळीतून वाचलेला माणूस रुग्णालयात येऊन मरत होता.

मार्च १८५५ मध्ये इंग्लंडहून एक स्वच्छता आयोग आला. त्यात डॉक्टर जॉन सदरलंड आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन होते. त्यांनी जमिनीखाली पाहिले. बराकीखालची गटारे तुंबलेली होती, त्यांतली घाण हवा वॉर्डांत येत होती, पिण्याच्या पाण्यात घाण मिसळत होती, आवारात मेलेली जनावरे कुजत होती. आयोगाने गटारे उपसून धुतली, पाण्याचा मार्ग साफ केला, भिंतींना चुना दिला, वारा खेळेल अशी सोय केली, गर्दी कमी केली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास उतरले.

खरी कलाटणी मात्र युद्ध संपल्यावर मिळाली. १८५६ मध्ये बाई मायदेशी परतल्या तेव्हा देशभर त्यांचा जयजयकार चालला होता. सत्कार टाळून त्या सरकारी कागद घेऊन बसल्या. जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातले संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत त्यांनी प्रत्येक रुग्णालयातले मृत्यू कारणांनुसार मांडले. आकडे बोलू लागले. रणभूमीजवळच्या साध्यासुध्या तंबूंपेक्षा स्कुटारीच्या मोठ्या रुग्णालयात माणसे जास्त मेली होती. ज्या रुग्णालयाने त्यांना जगभर कीर्ती दिली, तेच सर्वांत घातक ठरले होते. मनापासून केलेली शुश्रूषा, चांगले जेवण, धुतलेली चादर यांनी रुग्णांना दिलासा मिळाला होता, पण तुंबलेल्या गटारापुढे ते सगळे अपुरे पडले.

दुसऱ्या कुणी ही फाइल मिटवून ठेवली असती. बाईंनी त्याचे चित्र काढले. वर्षाचे बारा महिने गोलाकार मांडायचे, प्रत्येक महिन्याच्या पाकळीत टाळता येण्याजोग्या रोगांचे, जखमांचे आणि इतर कारणांचे मृत्यू वेगवेगळ्या रंगांत दाखवायचे. आकड्यांचे तक्ते पाहून कंटाळणाऱ्या मंत्र्यालाही एका नजरेत कळावे, हा हेतू. त्या आकृत्या आजही संख्याशास्त्राच्या पुस्तकांत दाखवतात. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

याच सुमारास त्यांची प्रकृती ढासळली. क्रिमियात असताना १८५५ मध्ये त्यांना कडक ताप आला होता. तो ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांच्या न तापवलेल्या दुधातून येणारा दीर्घ जंतुसंसर्ग असावा, असे आजचे अनेक अभ्यासक मानतात. १८५७ पासून पुढची बरीच वर्षे त्या खोलीतच, पुष्कळदा अंथरुणावरच राहिल्या. पाठीच्या कण्यातल्या वेदना, धडधड, थकवा यांनी त्या हैराण असत. पुढचे जवळजवळ सगळे काम त्यांनी पलंगावरून, पत्रे आणि अहवाल लिहून केले. दीर्घकाळ पडून राहणाऱ्या रुग्णाला काय सोसावे लागते हे त्यांना आतून माहीत होते.

१८५९ मध्ये रुग्णालयांविषयीचे त्यांचे पुस्तक आले. रुग्णालयाने आधी रुग्णाचे नुकसान करू नये, ही त्यातली मूळ भूमिका. वाचायला हे विचित्र वाटेल, असेही त्यांनीच मान्य केले होते. मग तपशील सुरू होतात. वॉर्ड लांबट असावा, समोरासमोर खिडक्या असाव्यात, दोन खाटांमध्ये पुरेसे अंतर हवे, भिंती आणि जमीन धुता येतील अशा हव्यात. शुश्रूषेवरच्या पुस्तकात त्यांनी परिचारिकांना दिवसभरात वारंवार हात धुण्याची सूचना दिली. १८६० मध्ये सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची परिचारिका शाळा सुरू झाली. त्याच वर्षी लंडनच्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेसमोर त्यांनी सर्व रुग्णालयांसाठी एकच नोंदणीपद्धती सुचवली. कोण आला, कशाने आजारी होता, किती दिवस राहिला, बरा झाला की गेला, हे सगळीकडे एकाच पद्धतीने लिहिले तरच रुग्णालयांची तुलना करता येईल, असे त्यांचे म्हणणे होते.

आणि मग त्यांची नजर वर्कहाऊसकडे वळली. इंग्लंडमध्ये १८३४ च्या कायद्यानंतर निराधारांना या सरकारी गरीबगृहांत ठेवले जाई. धडधाकट माणसाला तिथे यावेसे वाटू नये इतके तिथले जगणे मुद्दाम कष्टाचे ठेवलेले. प्रत्यक्षात तिथे कोण राहात होते? थकलेले म्हातारे, पक्षाघात झालेले, क्षयाचे रुग्ण, मनोरुग्ण, अनाथ मुले. आजच्या भाषेत ती दीर्घकालीन शुश्रूषेची केंद्रेच होती. तिथे शुश्रूषा करायला तिथल्याच निराधार बायका, ज्यांना बाटलीवरचे लेबलही वाचता येत नसे. संसर्गजन्य ताप असलेला, वेड लागलेला आणि केवळ म्हातारा झालेला अशी तीन माणसे एकाच खोलीत असत.

डिसेंबर १८६४ मध्ये लंडनच्या होबर्न वर्कहाऊसमध्ये टिमथी डेली हा आयरिश मजूर मरण पावला. नीट देखभाल न झाल्याने त्याच्या अंगावर पडून राहून भीषण जखमा झाल्या होत्या. वर्तमानपत्रांत गवगवा झाला. बाईंनी ही वेळ साधली आणि गरीब कायदा मंडळाचे प्रमुख चार्ल्स व्हिलियर्स यांना पत्र लिहून सुधारणेचा आग्रह धरला.

दरम्यान लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी तिथल्या वर्कहाऊसमध्ये प्रशिक्षित परिचारिका नेमण्याचा तीन वर्षांचा खर्च स्वतः उचलायची तयारी दाखवली. बाईंनी या कामासाठी ॲग्नेस जोन्स हिला निवडले. कैसर्सवर्थ आणि सेंट थॉमस अशा दोन्ही ठिकाणी शिकलेली ही तरुणी १८६५ मध्ये बारा प्रशिक्षित परिचारिका घेऊन तिथे दाखल झाली. समोर बाराशेच्या आसपास रुग्ण. दारू पिऊन भांडणारे रुग्ण, मळकी अंथरुणे, जेवणाचा गोंधळ. ॲग्नेस पहाटेपासून रात्रीपर्यंत फिरत राहायची. हळूहळू वॉर्डांना शिस्त लागली. पण फेब्रुवारी १८६८ मध्ये वर्कहाऊसमधल्याच टायफसने ती गेली. वय ३५. बाईंच्या जिव्हारी लागलेला हा मृत्यू. त्यांनी तिच्यावर एक भावपूर्ण लेख लिहिला. संस्थेतला संसर्ग खाटेवरच्या माणसापाशी थांबत नाही, त्याची सेवा करणाऱ्यालाही तो गाठतो, हे ॲग्नेसच्या मरणाने दाखवून दिले.

बाईंची मागणी सुटसुटीत होती. आजारी, मनोरुग्ण, बरे न होणारे रुग्ण आणि मुले यांना एकत्र कोंबू नका, प्रत्येकासाठी वेगळी व्यवस्था करा. सगळ्यांवर एकच मध्यवर्ती देखरेख ठेवा. खर्च सर्व शहराने मिळून उचलावा, म्हणजे गरीब वस्तीतल्या संस्थेला पैशाअभावी हात आखडावा लागणार नाही. १८६७ मध्ये लंडनपुरता कायदा झाला. संसर्गजन्य रोगांसाठी आणि मनोरुग्णांसाठी स्वतंत्र रुग्णालये उभारण्याचा मार्ग त्याने मोकळा केला. बाईंना हवे होते तेवढे त्यात आले नाही आणि त्यांनी ती नाराजी लपवलीही नाही. पण गरीब रुग्ण हा आधी रुग्ण असतो, ही गोष्ट कायद्याने मान्य केली.

त्यांच्या प्रामाणिकपणाची आणखी एक परीक्षा त्याच वर्षी झाली. सुईणींच्या प्रशिक्षणासाठी त्यांच्याच निधीतून किंग्ज कॉलेज रुग्णालयात बाळंतिणींचा वॉर्ड चालत होता. तिथे सूतिकाज्वराने स्त्रिया दगावू लागल्या. १८६७ मध्ये तो वॉर्ड बंद झाला. बाईंनी मग देशोदेशीचे आकडे गोळा करून १८७१ मध्ये पुस्तक लिहिले. घरी होणाऱ्या बाळंतपणांपेक्षा संस्थांमध्ये कित्येक पट अधिक स्त्रिया मरतात, असे त्यातून दिसले. आपल्याच योजनेविरुद्ध जाणारे आकडे त्यांनी स्वतः छापले.

हिंदुस्थानशीही त्यांचा संबंध याच वाटेने आला. त्या इथे कधी आल्या नाहीत. पण मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांतल्या लष्करी ठाण्यांना प्रश्नावल्या पाठवून त्यांनी माहितीचे ढीग जमवले. १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालातून दिसले की इथल्या गोऱ्या सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ होता. दोष उष्ण हवामानाला दिला जाई. बाईंनी बोट ठेवले ते पिण्याच्या पाण्यावर, नसलेल्या गटारांवर आणि बराकीतल्या दाटीवर. पुढे त्यांनी आपला मोर्चा खेड्यांची स्वच्छता आणि शेतकऱ्यांची स्थिती यांकडेही वळवला.

एका बाबतीत त्या चुकल्या. रोग दूषित हवेतून आणि घाणीतून उपजतो, असे त्या दीर्घकाळ मानत राहिल्या. एका माणसाकडून दुसऱ्याकडे रोग जातो ही कल्पना त्यांना पटत नव्हती. जंतूंचा सिद्धांत त्यांनी सावकाश स्वीकारला. १८८० च्या दशकात त्यांच्या लेखनात जंतुनाशक उपाय दिसू लागतात. तरीही त्यांची स्वच्छता काम करत होती, ती का? १९०९ मध्ये ट्युनिसमध्ये फ्रेंच डॉक्टर चार्ल निकोल यांनी पाहिले की टायफसचा रुग्ण रुग्णालयाच्या दारात आंघोळ करून, कपडे बदलून आत आला की वॉर्डात कुणाला रोग देत नाही. त्यावरून त्यांनी ओळखले की टायफस अंगावरच्या उवा पसरवतात. म्हणजे कारण माहीत नसतानाही आंघोळ आणि धुतलेले कपडे रोगाची वाट अडवत होते. कारण कळल्यावर हेच उपाय नेमकेपणाने करता आले.

शेवटची वर्षे बाई लंडनमधल्या आपल्या घरी राहिल्या. दृष्टी गेली, स्मरण मंदावले, इतरांच्या आधाराने जगणे भाग पडले. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी झोपेतच त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या समाधीचा प्रस्ताव नाकारून घरच्यांनी त्यांना हॅम्पशायरमधल्या एका गावच्या चर्चच्या आवारात साधेपणाने पुरले.

यानंतरची गोष्ट एकशे दहा वर्षांनंतरची. एप्रिल २०२० मध्ये कोविडसाठी लंडनमध्ये एक प्रचंड तात्पुरते रुग्णालय घाईघाईने उभे राहिले. त्याला नाव दिले नाइटिंगेल. तिथे रुग्ण मोजकेच आले. त्याच आठवड्यांत, मोठ्या रुग्णालयांतल्या खाटा रिकाम्या व्हाव्यात म्हणून अनेक वृद्धांना चाचणी न करता वृद्धनिवासांत पाठवले जात होते. इंग्लंडच्या वृद्धनिवासांत त्या लाटेत हजारो माणसे दगावली. आलेल्यांना काही दिवस वेगळे ठेवण्याचा सल्ला न देता असे पाठवणे बेकायदा होते, असे २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने म्हटले. बाईंचे नाव मोठ्या इमारतीवर लागले आणि वर्कहाऊसच्या वेळी त्यांनी सांगितलेली वेगवेगळे ठेवण्याची गोष्ट विसरली गेली.

दीर्घकाळ राहण्याच्या संस्थांमध्ये संसर्ग लवकर का पसरतो, हे आता नीट माहीत आहे. वय झालेले शरीर जंतूंशी कमी झुंजते. मधुमेह, लघवीची नळी, पडून राहून झालेल्या जखमा जंतूंना आत शिरायला दार देतात. जेवण, बसणे, झोपणे एकत्र असते. एकच मावशी दहाजणांना भरवते, पुसते, डायपर बदलते आणि तिच्या हातांवरून जंतू फिरतात. शिवाय म्हाताऱ्या माणसाला संसर्गात ताप येईलच असे नाही. अचानक गोंधळलेपण, जेवण नकोसे होणे, तोल जाऊन पडणे हीच पहिली खूण असू शकते.

उपाय महागडे नाहीत. प्रत्येक रहिवाशाला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करणे हा पहिला. उलट्या-जुलाबांची साथ असेल तर सॅनिटायझरवर विसंबू नये, साबण आणि पाणीच हवे. लघवीची नळी गरजेपुरतीच ठेवावी, रोज विचारावे की ती अजून लागते का. पडून असलेल्याची कूस वेळच्या वेळी बदलावी, त्वचा रोज पाहावी. खरूज निघाली तर एकट्यावर उपचार करून भागत नाही, संपर्कातल्या सर्वांवर एकाच वेळी करावे लागतात, कपडे आणि अंथरूणही गरम पाण्यात धुवावे लागते. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींविषयी डॉक्टरांशी बोलावे, फ्लूची लस कर्मचाऱ्यांनीही घ्यावी. आजारी कर्मचाऱ्याला पगार न कापता रजा मिळावी. नाहीतर तो ताप लपवून कामावर येतो आणि साथ आत आणतो. भेटायला जाणाऱ्या नातेवाइकांनीही सर्दी-खोकला असेल तर तो रविवार सोडावा आणि फोनवर बोलावे.

आणि एक नोंदवही. कुणाला कधी ताप आला, कुणाला जुलाब झाले, कोणती खोली, कोणती तारीख. तीन दिवसांत दोघा-तिघांना एकसारखी लक्षणे दिसली की डॉक्टरांना कळवायचे, त्यांना वेगळ्या खोलीत ठेवायचे, त्यांची देखभाल ठराविक माणसांकडेच द्यायची. वही नसेल तर हे तिघे तीन वेगवेगळे आजारी म्हातारे वाटतात आणि वयाचे दुखणे म्हणून विषय संपतो. हिंदुस्थानातल्या सैनिकांचे मृत्यू हवामानाच्या नावावर संपत असत, तसाच.

आपल्या माणसासाठी वृद्धाश्रम पाहायला गेलात तर बाग, टीव्ही, देवघर जरूर पाहा. मग दोन गोष्टी विचारा. हात धुवायचे बेसिन खाटांपासून किती लांब आहे? आणि गेल्या महिन्यात इथे किती जण आजारी पडले? दुसऱ्या प्रश्नाला वही उघडून उत्तर मिळाले, आकडा थोडा नकोसा असला तरी, तर त्या जागेवर विश्वास ठेवायला आधार आहे. इथे कुणी आजारी पडतच नाही, असे उत्तर आले तर आणखी दोन वृद्धाश्रम पाहून मगच ठरवा.